पाऊस पडलाच नाही : कुरुंदा, १७ नोव्हेंबर १९९८

मोबाइल घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे त्याचा उपयोग नाही. फोन करायचाच झाला तर पिवळ्या पाटीचं एस.टी.डी. बूथ आहे. मनगटावर काट्यांचं घड्याळ, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, पायांत चप्पल. खरं तर बूट हवे होते, पण ते तुम्हाला रात्री दहाच्या सुमारास कळेल.

तारीख १७ नोव्हेंबर १९९८, वार मंगळवार. गाव कुरुंदा, तालुका वसमत. जिल्हा विचारलात तर कुणीही परभणीच सांगेल, कारण हिंगोली जिल्हा व्हायला अजून साडेपाच महिने आहेत. तो १ मे १९९९ला होईल. तुमचं वय वीस-एकवीस. कॉलेजात नाव आहे, हजेरी फारशी नाही, आणि दिवाळीची सुट्टी संपली तरी घरी राहायला एखादं कारण सापडतंच.

दिवेलागण झालीय. शिवारात हळद कमरेइतकी उभी आहे, केळीच्या बागांतून गारवा उतरतोय, कापसाची वेचणी चालू आहे आणि खरिपाची ज्वारी काढलेल्या रानांत नुसती धसकटं उरलीयत. हॉटेलात अजून शुक्रवारचाच विषय आहे. शारजाच्या फायनलमध्ये सचिननं नाबाद १२४ काढले, झिंबाब्वेला एकही विकेट मिळाली नाही आणि त्या ओलोंगाचा सगळा तोरा उतरवला. जो तो ती मॅच पुन्हा सांगतोय, ऐकणाऱ्यानं ती पाहिलेली असली तरी. दुसरा विषय कांद्याचा. दिल्लीत कांदा चाळिशीच्या पुढे गेल्याच्या बातम्या आहेत आणि इथल्या भज्यांत कांद्याच्या जागी कोबी आलाय.

तिसरा विषय तुमचा. आज रात्री तारे पडणार आहेत.

बातमी पेपरात आलीय, रेडिओवर आलीय, टीव्हीवर तर रोजच आहे. सिंह राशीच्या बाजूनं उल्कांचा पाऊस पडणार, तासाला हजारो, आणि तो पाहायला जगात सगळ्यात सोयीची जागा म्हणजे यंदा आशिया. तुमच्यातला एक जण नांदेडला सायन्सला आहे. त्यानं कात्रण वहीत चिकटवलंय आणि तो ते पाठ म्हणतो. टेंपल-टटल नावाचा धूमकेतू आहे, तेहेतीस वर्षांनी सूर्याला फेरी मारतो, याच वर्षी फेब्रुवारीत मारून गेला. त्याच्या वाटेवर धूळ सांडलेली असते. दर नोव्हेंबरात पृथ्वी त्या वाटेतून जाते आणि ती धूळ सेकंदाला ७१ किलोमीटर वेगानं हवेत शिरून शंभरेक किलोमीटर उंचीवर जळते. बहुतेक कण वाळूएवढे. धूमकेतू नुकताच गेला असेल तर धूळ दाट. १८३३ साली अमेरिकेत असा पाऊस पडला की लोकांना जगाचा शेवट आला असं वाटलं. १९६६ साली, पुन्हा अमेरिकेतच, मिनिटाला हजारो पडल्याच्या नोंदी आहेत. त्यात तेहेतीस मिळवा.

तुम्ही मिळवता. १९९९ येतात. सायन्सवाला म्हणतो, एक-दोन वर्षं इकडं-तिकडं चालतं.

विश्वास न ठेवायला तुमच्याकडे काही कारणही नाही. गेल्याच वर्षी, मार्च-एप्रिलात, हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळच्या आभाळात उभा होता आणि तो बघायला दुर्बीण लागली नव्हती, गल्ली सोडून बाहेर जावं लागलं नव्हतं. पेपरात आलं, वर पाहिलं, दिसलं. आभाळ शब्दाला जागतं, हा तुमचा ताजा अनुभव आहे. शिवाय हबल दुर्बीण आज मुद्दाम पाठ फिरवून ठेवणार आहेत, आरशाला धुळीचा मार बसू नये म्हणून. अमेरिकेचे लोक एवढे घाबरलेत म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं आहे.

घरी वेगळं वारं आहे. "अमुशा तोंडावर आलीय अन् रातीचं डोंगरावर जायलास? डोस्कं ठिकाणावर हाय का?" आईची अमावास्या बरोबर आहे, ती परवाच संपेल, आणि चंद्र नाही म्हणूनच तर ही रात्र चांगली. पण हे तिला पटवता येत नाही. तिच्या डोक्यात किल्लारी आहे. पाच वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जमीन हलली, त्यानंतर मराठवाड्यात कितीतरी घरांनी अंगणात रात्री काढल्या. आभाळातून काही पडणार म्हटल्यावर ती घाबरणारच. वर आजोबा लोणारची आठवण काढतात. तिथं आभाळातून दगड पडला आणि पावणेदोन किलोमीटरांहून रुंद खड्डा पडून त्यात तळं झालं, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय आणि ते खरंही आहे. "तसला एखांदा आला मंग?" सायन्सवाला समजावतो की हे वाळूचे कण आहेत, खाली पोचत नाहीत. आजोबा म्हणतात, "तुला कुणी सांगितलं?" तो वही दाखवतो. आजोबांना वाचता येत नाही. विषय संपतो.

आज मंगळवार, देवीचा वार. टोकाईच्या गडावर चाललोय, दर्शन करून येतो, असं सांगून तुम्ही सुटका करून घेता.

चौघं आहात. सायन्सवाला. किराणा दुकानदाराचा मुलगा, ज्याच्याकडे फरसाणाची जबाबदारी. लूनावाला, ज्याच्या वडिलांची लूना आज त्यांना न विचारता निघालीय. आणि तुम्ही. सामान: एका फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डब्यात वांग्याचं भरीत, गोडेतेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी, एक वाकळ, एक सतरंजी आणि एक बॅटरी, जिचे सेल नवे आहेत असं किराणावाला शपथेवर सांगतो.

नऊला निघता. एका लूनावर चौघं बसत नाहीत, म्हणून दोघं सामान घेऊन लूनावर आणि दोघं चालत, मग अदलाबदल, असा ठराव होतो. तो अर्धा किलोमीटर टिकतो. बाभळीचा काटा आहे की खिळा, हे अंधारात कळत नाही, पण मागचं चाक बसतं. पंक्चरवाला या वेळी घोरत असणार. लूनावाल्याचा चेहरा बॅटरीच्या उजेडात बघण्यासारखा होतो, कारण त्याला आता उल्का दिसत नाहीयत, वडील दिसतायत. लूना ढकलत न्यायची की ठेवून जायची यावर भांडण होतं. अखेर एका ओळखीच्या गोठ्यात ती लावली जाते. सामान आता डोक्यावर.

मग कुणीतरी जवळची वाट सुचवतो. प्रत्येक सहलीत असा एक जण असतो आणि आज तो किराणावाला आहे. वाट धुऱ्यावरून निघते, धुरा संपतो आणि तुम्ही काढलेल्या ज्वारीच्या रानात उभे असता. धसकटं चपलेच्या बाजूनं आत शिरतात. कापणी तिरकी झालेली असल्यानं त्यांची टोकं सुईसारखी आहेत. दर पावलाला कुणाचा तरी 'आई गं' येतो. रान संपून डोंगराचा पायथा लागतो तर तिथं कुसळी गवत, नोव्हेंबरात पुरतं वाळलेलं. कुसळं पँटच्या काठातून, सॉक्स नसलेल्या घोट्यातून, वाकळीच्या शिवणीतून आत जातात आणि पुढे सरकत राहतात. ओढून काढलं तर अर्धं बाहेर येतं, अर्धं आत राहतं. पुढचे सहा तास तुम्ही जे काही कराल ते खाजवत कराल.

गडावर पोचता तेव्हा साडेदहा होऊन गेलेत. नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. आत्ता देऊळ बंद, दिवा एक, आणि ओट्यावर झोपलेलं एक कुत्रं, जे डोळे उघडून तुमच्या हातातल्या फडक्याकडे बघतं. तुम्ही देवळाच्या मागच्या अंगाला सपाट जागा शोधता, सतरंजी टाकता, उताणे पडता.

आणि आता, खरं सांगायचं तर, थोडा वेळ गप्प व्हा. कारण असं आभाळ पुढच्या पंचवीस वर्षांत तुम्हाला गावाजवळून दिसणार नाही. चंद्र नाही. खाली गावात भारनियमनानं दिवे गेलेत. पश्चिमेला कललेला गुरू, त्याच्या वर शनी. डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका, रोहिणीचा तांबडा ठिपका, पूर्वेकडून वर आलेला मृग आणि त्यातलं तिकांडं, ज्यावर तुमचे आजोबा रात्रीचा पहर सांगायचे. मृगाच्या मागे व्याध एवढा तेजस्वी की लूनावाला त्यालाच उल्का समजून ओरडतो. शुक्राची चांदणी सध्या दिसायची नाही, ती सूर्याच्या मागे आहे.

पण तुम्ही हे बघायला आलेला नाही. तुम्ही पाऊस बघायला आलाय. त्यामुळे पाच मिनिटांत पहिला प्रश्न येतो : "कधी चालू व्हतंय?"

अकरा वाजतात. काही नाही. सव्वाअकरा. एक तारा हलतो. ते मुंबईकडं निघालेलं विमान असतं. दूर रस्त्यावर ट्रकचे दिवे डोंगराच्या कडेला लागून सरकतात, तेव्हा दोघं एकदम उठून बसतात. उसाच्या गाड्यांच्या बैलांचे घुंगरू खालून ऐकू येतात. थंडी वाजायला लागते. मराठवाड्यातली नोव्हेंबरची थंडी अंगावर धावून येत नाही, ती खालून, दगडातून येते, आणि सतरंजी तिला अडवू शकत नाही. वाकळ पांघरायला घेता तर ती ओली. कॅनचं झाकण लूनावरच सैल झालं होतं. पाणी अर्ध्याहून कमी उरलंय आणि उरलेलं वाकळीच्या कापसात आहे.

"शेकोटी करू," किराणावाला म्हणतो.

"नको," सायन्सवाला म्हणतो. "डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उजेड पाहिला की पुन्हा पहिल्यापासून."

"मंग तू बस अंधारात. आमाला थंडी वाजायलीय."

तीन विरुद्ध एक. वाळलेलं गवत, दोन-चार काटक्या, पेपरचं पान. त्या पानावरच उल्कांची बातमी होती, हे ते पेटल्यावर लक्षात येतं. गवत भसकन पेटतं, भसकन विझतं आणि धूर मात्र नेमका तुमच्याकडे येतो. पुन्हा गवत, पुन्हा भडका. दर भडक्याला सायन्सवाला दोन्ही हातांनी डोळे झाकतो.

या गडबडीत भाकरीच्या फडक्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कुत्र्याचं असतं. तुम्हाला फक्त धोंड्यांवरून घरंगळत गेलेल्या डब्याचा आवाज येतो. बॅटरी मारता. बॅटरी पिवळा उजेड देते, मग नारिंगी, मग देत नाही. सेल नवे नव्हते. भरीत उतारावर सांडलंय, कुत्रं भाकरी घेऊन देवळापलीकडे गेलंय आणि उरलंय ते फरसाण. शेंगदाणे आधीच निवडून खाल्लेलं.

बारा वाजतात. आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, जी तुमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. ज्या सिंहेतून उल्का येणार, ती सिंह अजून उगवलेलीच नाही. कुरुंद्याच्या आभाळात ती या तारखेला मध्यरात्रीनंतर पाव तासानं क्षितिजावर येते. कात्रणात 'मध्यरात्रीनंतर' असा शब्द होता. तुम्ही तो नाटकाच्या तिकिटावरच्या वेळेसारखा घेतला, की आधी जाऊन जागा धरलेली बरी. गेले दीड तास तुम्ही बंद पडद्याकडे पाहत होतात.

साडेबाराला पहिली उल्का येते. लांबलचक, पूर्वेकडून निघून डोक्यावरून जवळजवळ पश्चिमेपर्यंत. अशा आडव्या उल्का उगम क्षितिजाला टेकलेला असतानाच दिसतात, आणि त्या फार देखण्या असतात. ती दोघांना दिसते. बाकीचे दोघं गवत गोळा करत असतात. "कुठं? कुठं?" तोवर संपलेलं. इथून पुढे रात्रीचा हाच क्रम. तुम्ही पूर्वेला बघता, ती उत्तरेला पडते. तुम्ही उत्तरेला वळता, कुणीतरी मागून "गेली!" म्हणतो. दुसऱ्याला दिसलेली उल्का ही जगातली सगळ्यात चिडवणारी गोष्ट आहे, कारण तिची शहानिशा करता येत नाही. लूनावाल्याला एकट्याला इतक्या दिसायला लागतात की त्याच्यावर कुणाचा विश्वास राहत नाही.

सव्वा वाजतो. हीच ती पेपरात दिलेली वेळ. या सुमारास पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेची पातळी ओलांडणार, याच वेळी पाऊस. चौघंही उताणे. कुणी बोलत नाही. एक पडते. मग बऱ्याच वेळानं एक. मग दोन लागोपाठ, आणि किराणावाला म्हणतो, "चालू झालं." झालेलं नसतं. दोननंतर थोड्या वाढतात, काही झगझगीतही आहेत, एकीच्या मागे पांढरी रेघ क्षणभर रेंगाळते. निवांत माणसानं मोजल्या असत्या तर बऱ्या भरल्या असत्या. पण तुम्हाला हजारो सांगितल्या होत्या. शेकोटीनं दिपलेल्या डोळ्यांना फक्त मोठ्या दिसतात, बारीक सगळ्या निसटतात.

अडीचला दहिवर पडू लागतं. केस ओले, मफलर ओला, वाकळ तर होतीच. किराणावाल्याचं पोट फरसाणावरून बिघडतं आणि तो अंधारात कुसळांत जाऊन येतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. लूनावाला आता उघडच म्हणतो की वडील पाचला उठतात, त्याआधी लूना घरी नेऊन लावायची आहे. सायन्सवाल्यावर सगळ्यांचा राग निघतो. "काय ते तेहेतीस वर्षं! काय ते कात्रण!" तो बिचारा म्हणतो, अजून थोडं थांबू, पहाटे सिंह डोक्यावर आली की जास्त दिसतात. तो बरोबर आहे. या रात्रीतलं एकमेव शहाणं वाक्य तेच आहे. पूर्वेला सिंहेचा कोयता आता नीट वर आलाय, त्याच्या टोकाला मघा, खालच्या बाजूला तांबूस मंगळ. पण तीनला तुम्ही सतरंजी गुंडाळता. तीन विरुद्ध एक.

उतरताना परत धसकटं. या वेळी कुणी 'आई गं' म्हणत नाही, सगळ्यांचं बोलणं बंद आहे. गोठ्यापाशी यायच्या आधी एका हळदीच्या रानात माणूस दिसतो. रात्रीची लाईट आलीय म्हणून पाणी द्यायला आलेला, कानाला उपरणं गुंडाळलेला, हातात खोरं.

"कुठून यायलाव रे पोरंहो, एवढ्या रातीचं?"

"टोकाईवर गेलतो काका. तारे पडणार व्हते म्हणं."

तो खोरं टेकवून उभा राहतो. "मंग काल यायाचं व्हतं. काल पाह्यटं पाणी द्यायलो व्हतो. काय तारे पडले बाबा! दोनदा तर रान उजळलं. म्या म्हणलं ईज हाय का काय, तं ढग न्हाई. मागं धुराची रेघ, घडीभर हालंना."

चौघंही त्याच्याकडे बघत राहता. मग लूनावाला म्हणतो, "चला, पंक्चर काढायचंय."

आता १९९८मधून बाहेर या आणि पायांतली कुसळं काढत पुढचं ऐका.

तो शेतकरी थापा मारत नव्हता. १९९८च्या सिंहेच्या उल्कांनी जगभरच्या भाकितांना अठराएक तास आधीच हूल दिली. १६-१७ नोव्हेंबरच्या रात्री युरोपात आणि कॅनरी बेटांवर मोठमोठ्या अग्निगोलांचा खच पडला. त्याचा भर आपल्या घड्याळानं १७ तारखेच्या सकाळी सातच्या सुमारास होता, म्हणजे आपल्याकडे सूर्य वर आल्यावर. पण चढती कमान त्याआधीच लागली होती आणि १७च्या पहाटे जो जागा होता त्याला ती दिसणारच होती. आपण सगळ्यांनी मात्र १७-१८च्या रात्रीची तयारी केली. त्या दुसऱ्या रात्रीही उल्का होत्या. नंतर जुळवलेल्या हिशेबात, आदर्श अंधाऱ्या आभाळात आणि उगम डोक्यावर असता, तासाला शे-दीडशेच्या घरातला वेग निघाला. एरवीच्या नोव्हेंबराच्या मानानं तो कितीतरी जास्त. फक्त त्याला पाऊस म्हणता येत नव्हतं.

आदल्या पहाटेचे ते गोळे कुठून आले, त्याचं उत्तर गणितातून निघालं. डेव्हिड ॲशर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ती धूळ ताजी नव्हतीच. ती धूमकेतूनं १३३३ साली सोडलेली जुनी, जाड धूळ होती. गुरूच्या ओढीनं ती इतकी शतकं एका पट्ट्यात एकत्र राहिली आणि १९९८ साली पृथ्वी नेमकी तिच्यातून गेली. परंपरेनं मानलेला नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. म्हणजे हे कण धूमकेतूपासून सुटले तेव्हा नरसीचे नामदेव हयात होते. त्या पहाटे हळदीच्या रानावर उजेड पाडणाऱ्या धुळीचं वय हे एवढं.

फसगत नवीनही नव्हती. १८९९ साली असंच भाकीत झालं होतं, युरोप-अमेरिकेत लोक रात्र रात्र जागले आणि काही घडलं नाही, कारण गुरू-शनीनं धुळीचा पट्टा बाजूला ओढला होता. १९९८च्या फजितीनंतर ॲशर आणि रॉबर्ट मॅकनॉट यांनी धुळीच्या एकेका पट्ट्याचा वेगळा हिशेब केला आणि १९९९चं वादळ काही मिनिटांच्या फरकानं अचूक सांगितलं. ते आलं १८ नोव्हेंबरला, तासाला सुमारे सदतीसशेच्या वेगानं. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. २००१ साली पुन्हा वादळ आलं, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियावर. आपल्याकडे रात्र होती, पण भर मध्यरात्रीच्या आधीचा, सिंह उगवण्यापूर्वीचा. या तिन्ही वेळा आपलं शिवार थोडक्यात कोरडं राहिलं. यात कुरुंद्याचा दोष नाही, सायन्सवाल्याचाही नाही. पृथ्वी फिरत असते आणि त्या घटकेला कुणाचं तरी आभाळ उजेडात असतंच.

दोष ज्याचा आहे तो वेगळा काढायला हवा. भाकीत चुकलं ही बातमी झाली. पण त्या चौघांची रात्र भाकितामुळे वाया गेली नाही. ती गेली दीड तास आधी पोचल्यामुळे, शेकोटीमुळे, आणि तीन वाजता, जेव्हा खरं बघायला सुरुवात करायची, तेव्हा सतरंजी गुंडाळल्यामुळे. हजारोंचं वचन डोक्यात असलं की समोरच्या पन्नास दिसत नाहीत, हा भाग तर वेगळाच. आज तर हे वचन दर महिन्याला मोबाइलवर येतं. 'शतकातला सर्वांत मोठा', 'पुन्हा कधीच नाही' असं लिहिलेलं असतं आणि लोक गाड्या काढून डोंगरावर जातात, हेडलाइट चालू ठेवून वर बघतात, अर्ध्या तासात रील टाकून परत येतात आणि काही दिसलं नाही म्हणतात.

तेव्हा खरोखरच जायचं असेल तर सिंहेच्या उल्कांच्या नादी न लागता मिथुनेच्या उल्कांना जा. १३-१४ डिसेंबरची रात्र, दर वर्षी. त्यांचा उगम पुनर्वसू नक्षत्राजवळ आहे, तो संध्याकाळीच उगवतो, त्यामुळे नऊपासून दिसायला लागतात आणि दोनच्या सुमारास ऐन भरात येतात. चांगल्या अंधारात तासाला शंभरावर दिसू शकतात आणि गेली कित्येक दशकं त्यांनी बहुधा निराश केलेलं नाही. चंद्राची तिथी आधी पाहा. पौर्णिमेच्या आसपास असेल तर ते वर्ष सोडा. गावातल्या हायमास्टच्या दिव्यांपासून लांब जा. बूट घाला, कोरडी वाकळ न्या, पाण्याचं झाकण दोनदा तपासा, जेवण घरूनच करून निघा. शेकोटी नको, बॅटरीला लाल कागद लावा, मोबाइल खिशातून काढू नका. तास-दीड तास तरी वर बघितल्याशिवाय काही दिसलं नाही असं म्हणू नका.

टेंपल-टटल २०३१च्या मे महिन्यात पुन्हा सूर्याजवळ येतोय. त्या सुमारास पेपरांत पुन्हा मोठे आकडे येतील. ते वाचा, पण सांगितलेल्या रात्रीच्या आदल्या पहाटेलाही एकदा उठा, आणि तुमच्यातला जो थांबा म्हणेल त्याचं ऐका.